चेहऱ्याची लेन्स आणि तोफखान्यातली आकडेमोड

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय पोर्ट्रेटबद्दल, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याच्या फोटोबद्दल, आणि तो काढताना माझ्या हाताशी जे सामान लागतं त्याबद्दल. फोटोग्राफर म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कॅमेरा कुठला वापरता? मी सांगते, पण माझं आवडतं सामान काय असं कोणी विचारलं तर कॅमेऱ्याचा नंबर बराच खाली लागतो. आताचे बहुतेक कॅमेरे चेहऱ्यासाठी पुरेसे चांगले आहेत, डोळ्यावरचा फोकससुद्धा ते आपला आपण धरतात. माझ्या यादीत सगळ्यात वर आहे लेन्स, मग पांढरा बोर्ड, मग स्टूल. हो, स्टूल! येते त्याच्यावर.

ही निवड मी एकाच गोष्टीवरून करते. समोर बसलेल्या माणसाचा त्रास या वस्तूमुळे कमी होतो का? परत सांगते, फोटोग्राफरचा नाही, समोर बसलेल्या माणसाचा त्रास. तो कमी होत असेल तर ती वस्तू बॅगेत, नाहीतर कितीही महाग असो, घरी.

आधी लेन्स. पोर्ट्रेटसाठी साधारण ८५ मिलिमीटरची, म्हणजे लांबचं थोडं जवळ आणून दाखवणारी लेन्स का वापरतात? बरेच जण सांगतात मागचं ब्लर छान येतं म्हणून. येतं, खरंय, पण मुख्य कारण अंतराचं आहे. मोबाईल तोंडापासून तीस सेंटीमीटरवर धरलात तर नाकाचा शेंडा लेन्सपासून तीसवर आणि कान, डोकं मागे असल्यामुळे, बेचाळीसच्या आसपास. म्हणजे कानाच्या हिशोबाने नाक जवळजवळ दीडपट मोठं येणार. तेच दीड मीटर लांब जा, आता नाक दीडशेवर आणि कान एकशे बासष्टवर, फरक जेमतेम आठ टक्के, आणि चेहरा आपल्याला ओळखीचा वाटतो तसा येतो. हे काम अंतर करतं, लेन्स नाही. लेन्स फक्त तेवढ्या लांब उभं राहून चेहऱ्याने फ्रेम भरू देते. तेव्हा सेल्फी बघून माझं नाक एवढं मोठं कसं म्हणत बसू नका, नाक ठीक आहे, हात आखूड आहे.

आणि लांब उभं राहिलं की समोरच्याच्या अंगावर जाणं होत नाही. अनोळखी माणूस हातभर अंतरावर कॅमेरा रोखून उभा राहिला तर कोणाचेही खांदे वर जातात. दीड-दोन मीटरवरून बोला, खांदे आपोआप खाली येतात.

आता लेन्सचा विषय निघालाच आहे तर मला पेट्झवालची गोष्ट सांगू दे. ती सांगायची संधी मी सोडत नाही.

१८३९ साल. ऑगस्टमध्ये पॅरिसला डागेर नावाच्या फ्रेंच माणसाने शोधलेल्या फोटोच्या पद्धतीची सगळी माहिती जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर, त्याला आयोडीनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात ठेवायचा, मग पाऱ्याच्या वाफेवर धरला की चित्र उमटतं. लोक वेडे झाले. पण एक अडचण होती. लेन्समधून उजेड फार कमी यायचा, त्यामुळे पत्रा दहा-पंधरा मिनिटं, कधी त्याहून जास्त उघडा ठेवावा लागायचा. इमारतीचा फोटो काढायला काही हरकत नाही, इमारत हलत नाही. माणसाचं काय? त्याच वर्षी फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या तरुणाने घरच्या दिव्यांच्या दुकानामागे अंगणात स्वतःचा फोटो काढला, तो आजही आहे, केस विस्कटलेले, हाताची घडी, नजर थोडी बाजूला. किती वेळ त्याला एका जागी स्थिर राहावं लागलं असेल याचा विचार करा. आणि गिऱ्हाइकाला तसं बसवायचं म्हणजे भर उन्हात, डोळे न मिटता, मान न हलवता. त्यासाठी पाठीमागे लोखंडी स्टँड लावायचे, त्याला वर दोन फाट्यांचा चिमटा, तो डोक्याला मागून टेकवायचा. जुने उभे फोटो कधी बघितलेत तर माणसाच्या बुटांच्या मागे बघा, पुष्कळदा त्या स्टँडचा पाया दिसतो. एकदा दिसला की मग प्रत्येक जुन्या फोटोत तुम्ही तोच शोधता.

तर पॅरिसची ही बातमी घेऊन एटिंग्सहाउझेन नावाचे प्राध्यापक व्हिएन्नाला परतले आणि आपल्या विद्यापीठातल्या एका गणिताच्या प्राध्यापकाच्या मागे लागले, की बाबा रे, तू हे कर, जास्त उजेड आत घेणारी लेन्स गणिताने काढून दे. तो प्राध्यापक म्हणजे योझेफ पेट्झवाल, वय तेव्हा बत्तीसच्या आसपास. तोवर लेन्स बनवायची रीत म्हणजे कारागिराने काच घासायची, बघायची, जमली नाही की परत घासायची. पेट्झवाल म्हणाला घासण्याआधी मोजू. काचेच्या प्रत्येक वळणावर किरण किती वाकतो, कुठे जातो, सगळं कागदावर. पण कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही, फक्त लॉगरिदमचे तक्ते, म्हणजे मोठे गुणाकार-भागाकार सोपे करणारी आकड्यांची कोष्टकं. एकेका किरणाला पानंच्या पानं आकडेमोड.

आणि इथे मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. एवढी आकडेमोड करणार कोण? तर ऑस्ट्रियाच्या तोफखान्याचे प्रमुख होते आर्चड्यूक, म्हणजे राजघराण्यातले, लुडविग, त्यांनी तोफखान्यातली दहाएक माणसं पेट्झवालकडे पाठवली. तोफखान्यातली का? कारण त्या काळात एवढं मोजणं येणारी आणि हुकमाला बांधलेली माणसं तिथे होती, तोफगोळा कुठे पडेल याचे तक्ते करणं हेच त्यांचं शिक्षण. तर हे शिपाई बसले आणि गोळ्याच्या जागी उजेडाचा किरण मोजायला लागले, साधारण सहा महिने. मी विचार करते, त्यांच्यातल्या एखाद्याने तरी विचारलं असेल की साहेब हे कशासाठी? माणसाचा चेहरा दिसावा म्हणून. तोफा मोजणारे हात चेहऱ्यासाठी राबले, मंडळी, माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

१८४० मध्ये ती लेन्स तयार झाली. व्हिएन्नातल्याच फोइग्टलेंडर यांच्या कारखान्याने बनवली. पुढे दोन काचा चिकटवलेल्या, मागे दोन काचा मध्ये थोडी हवा सोडून, एकूण चार. एफ ३.६ (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), म्हणजे आधीच्या लेन्सपेक्षा पंधरा-वीस पट उजेड आत. पुढच्या वर्षी तिच्यासाठी कॅमेरा आला तो अख्खा पितळी, दुर्बिणीसारखा स्टँडवर ठेवलेला, आणि फोटो निघायचा गोल. त्याच सुमारास पत्र्याला ब्रोमीनची वाफ देऊन तो जास्त संवेदनशील करायची युक्तीही सापडली, तेव्हा सगळं श्रेय एकट्या लेन्सचं नाही. पण दोन्ही मिळून पंधरा मिनिटांचं काम एका मिनिटाच्या आत आलं. मानेचे स्टँड लगेच गेले नाहीत, ते पुढे बरीच वर्षं टिकले, पण मिनिटभर बसणं आणि पाव तास बसणं यात केवढा फरक आहे! चेहऱ्यांचे स्टुडिओ गावोगाव निघाले ते त्यानंतर.

पेट्झवालच्या पदरात मात्र फार काही पडलं नाही. एकदाच काय ते पैसे मिळाले, ऑस्ट्रियाबाहेर पेटंट नाही, त्यामुळे सगळ्यांनी नक्कल केली आणि लेन्स हजारांनी खपली. फोइग्टलेंडरशी त्याचं वाजलं, कारखान्याने पुढे जर्मनीत ब्राउनश्वाइगला बस्तान हलवलं. घरात चोरी होऊन त्याचं लेन्सवरचं हस्तलिखित नष्ट झालं असंही सांगतात. १८९१ मध्ये तो गेला. मला याचा राग येतो, खरंच येतो. ज्याने विचार केला त्याच्या हाती काय, आणि ज्याने विकलं त्याच्या हाती काय, हे आजही तसंच चाललंय आणि ते फक्त फोटोग्राफीत नाही.

त्या लेन्सने मध्यभाग एकदम धारदार येतो, कडेला मऊ होत जातो आणि मागची झाडं चेहऱ्याभोवती गोल फिरल्यासारखी दिसतात. लोकांना ते इतकं आवडतं की २०१३ मध्ये लोमोग्राफी नावाच्या कॅमेरा कंपनीने लोकांकडून पैसे उभे करून ती नव्याने आणली, पितळीच, आताच्या कॅमेऱ्यांना बसणारी. फोनमधल्या पोर्ट्रेट मोडचं ब्लर मला त्यापुढे फिकं वाटतं, तो हिशोबाने मागचं पुसतो आणि मग केसांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात.

बघा, वेळ बराच गेला. बाकीचं सामान भराभर सांगते.

पांढरा बोर्ड. थर्माकोलची शीट, जाड कार्डशीट, काहीही चालेल, पांढरं पाहिजे. माणसाला खिडकीच्या कडेला बसवा, उजेड एका गालावर येऊ दे, दुसऱ्या गालाच्या बाजूला बोर्ड धरा आणि हळूहळू जवळ आणा. हनुवटीखालची सावली उजळत जाताना डोळ्यांनी दिसते, फ्लॅश लागत नाही, डोळे दिपत नाहीत. मग डोळ्यात बघा, बुबुळाच्या वरच्या बाजूला खिडकीचा छोटा चौकोन चमकताना दिसला पाहिजे. तो चौकोन नसेल तर डोळा मेल्यासारखा दिसतो. परत सांगते, आधी डोळ्यातला चौकोन, मग बटण.

उजेड मऊ हवा असेल तर तो मोठा आणि जवळ हवा, एवढंच लक्षात ठेवा. सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावर लावायची पांढऱ्या कापडाची पेटी, लांब नेला की तो छोटा होतो आणि सावली कडक होते, म्हणजे पैसे खर्च करून वाया.

आता स्टूल. पाठ नसलेलं. पाठ असलेल्या खुर्चीत माणूस मागे रेलतो, पोट पुढे, मान आत. स्टुलावर बसला की कणा आपोआप सरळ होतो, मला काही सांगावंच लागत नाही. नीट बसा, हनुवटी वर, खांदे मागे, अशा सूचना दिल्या की चेहरा परीक्षेला बसल्यासारखा होतो. आणि हसा हसा म्हणून लहान मुलांवर ओरडणाऱ्या मोठ्यांना मी हात जोडून सांगते, नका हो. मुलाला न हसण्याचा पूर्ण हक्क आहे. गंभीर मुलाचा फोटो मोठेपणी त्याला जास्त आवडतो, असं माझं मत आहे.

ट्रायपॉड आणि रिमोट. कॅमेरा ट्रायपॉडवर असला की मी त्याच्या बाजूला उभी राहून माणसाकडे बघून बोलते, त्याला काचेशी बोलावं लागत नाही. मग कपड्यांचे चिमटे, सैल शर्ट मागून ओढून धरायला, पुढून दिसत नाहीत. टिश्यू पेपर, कपाळावरची चमक टिपायला, नुसता टेकवायचा, घासायचा नाही. कंगवा घेतला तर प्रत्येकाला वेगळा, ही स्वच्छतेची गोष्ट आहे, कंटाळा करू नका.

आणि प्रिंटर, किंवा प्रिंट काढून देणारं कोणी ओळखीचं. हे सामानात मोडतं का म्हणाल तर माझ्या मते मोडतं. फोनमध्ये हजार चेहरे आहेत पण हातात घ्यायला एक नाही, फोन बिघडला की सगळे गेले. वर्षातून घरातल्या प्रत्येकाचा एक तरी फोटो कागदावर काढा, मागे पेन्सिलीने नाव आणि तारीख घाला, शाईने नको, शाई समोर उमटते.

लेन्स पुसायचं मऊ कापड राहिलंच. आधी ब्लोअरने, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याने, धूळ उडवा, मग कापड, मधून कडेकडे. शर्टाच्या टोकाने कधीच नाही, त्यात धुळीचा कण असतो आणि तो काचेवर चरा काढतो. मोबाईलची लेन्ससुद्धा पुसा, दिवसभर बोटं लागलेली असतात आणि मग फोटो धुरकट येतो म्हणून लोक नवा फोन बघायला लागतात. आता हे ऐकून झालं की तुमचाच एकदा पुसून बघा. येते, नमस्कार.