सहा फुटाच्या टँकमधले शेजारी

नमस्कार मंडळी. मे महिना आहे, तुम्ही कूलरसमोर बसले असाल आणि कूलरच्या घरघरीत माझं अर्धं बोलणं वाहून जाईल, म्हणून आधीच सांगतो, रेडिओ जरा जवळ ओढा. विषय पाण्याचाच आहे, तेवढंच गार वाटेल.

मी धंद्याने इन्व्हर्टर-बॅटरीवाला, राहतो नागपुरात मानेवाड्याकडे, आणि मासे पाळायचा नाद लागून आता बारा वर्षं झाली. कोणाकडे बॅटरी बदलायला गेलो आणि हॉलमध्ये टँक दिसला की माझं काम अर्धा तास लांबतं. आजकाल तर पाच-पाच, सहा-सहा फुटाचे टँक दिसून राहिले आणि त्यात आफ्रिकन सिक्लिड. रंग पाहा ना त्यांचे, वाटतं समुद्रातले मासे आहेत, पण पाणी गोडं. आणि मग प्रत्येक घरी तोच प्रश्न, दादा, आणले तेव्हा वीस होते, आता सातच राहिले, कोणता रोग असेल हो? रोगबिग काही नसतो बहुतेक वेळा. शेजारी चुकलेला असतो.

माझंच सांगतो. शहरातल्या एका दुकानातून मी 'असॉर्टेड आफ्रिकन' म्हणून एका पिशवीत बारा पिल्लं आणली, दीड-दोन इंचाची, कोण कोणत्या जातीचं ते ना मी विचारलं ना त्याने सांगितलं. त्यात एक पिवळाधम्मक, अंगावर काळे आडवे पट्टे. आमच्या पोट्ट्याने त्याचं नाव ठेवलं काळीपिवळी, आपल्या गावाकडे जाणारी जीप असते ना, ती. काही महिन्यांनी काळीपिवळीचा पिवळा रंग उडायला लागला, पोटाकडून काळा पडत चालला, मी घाबरलो, आजारी आहे म्हणून टँकमध्ये मीठ टाकलं, दोन दिवस लाईट बंद ठेवला, घरी तर दृष्ट काढायचीच बाकी होती. आणि साहेब एकदम ठणठणीत! टँकचा डावा भाग पूर्ण त्याचा, आणि बाकीचे अकरा उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला, फिल्टरच्या पाईपामागे दाटीवाटीने उभे, शेपट्या कुरतडलेल्या. तो आजारी नव्हताच, तो वयात आला होता. ऑरॅटस म्हणतात त्या जातीला. पिल्लं आणि माद्या पिवळ्या, आणि नर मोठा होऊन टँकचा दादा झाला की काळा होतो. केनयी नावाची जात आहे तिचं बरोबर उलटं, पिल्लं आणि माद्या निळ्या, नर पिवळा. म्हणजे दुकानात जो रंग पाहून आपण पैसे देतो तो रंग घरी टिकेलच असं नाही, आणि या दोन्ही जाती मारकुट्या म्हणून नावाजलेल्या. तर काय घ्यायचं याची यादी नंतर करा, आधी काय नाही घ्यायचं ते ठरवा, आणि त्यात ही दोन नावं सगळ्यात वर लिहा.

आता हे मासे असे काहून वागतात? बाजारात मिळणारे बहुतेक आफ्रिकन सिक्लिड मलावी तलावाचे. तलाव म्हणजे आपला फुटाळा नाही बरं, लांबीच 580 किलोमीटरच्या आसपास, समृद्धीने निघालात तर शिर्डीच्याही पुढे जाल, आणि खोली 700 मीटर. काठाकाठाने खडक आहेत, त्या खडकांवर शेवाळाची दाट गादी, आणि तिच्यावर जगणारे मासे म्हणजे म्बुना. एक दगड, एक भेग, तेवढीच त्याची इस्टेट, आणि ती राखायची तर दुसऱ्याला हाकलायलाच पाहिजे. तलावात हरलेला मासा चार हात दूर पळून जातो आणि विषय संपतो. आपल्या टँकमध्ये पळून जाणार कुठे, काच आहे तिकडे.

म्हणून मोठा टँक. सहा बाय दोन बाय दोन फूट म्हणजे साधारण 680 लिटर पाणी, म्हणजे 680 किलो नुसतं पाणीच, दगड-काच-स्टँड वेगळं, तर वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी घर बांधणाऱ्याला विचारा, भिंतीला लागून बीमवर ठेवा. आणि यात उंचीपेक्षा लांबी कामाची, पळायला लांबी लागते.

आता जोड्या. मलावीचे ढोबळ तीन घोळके धरा. म्बुना, ते सांगितले. दुसरे पीकॉक, हे तसे सभ्य, वाळूवर राहणारे. पीकॉकला खाताना पाहायला पाहिजे तुम्ही, वाळूच्या अगदी वर एका जागी तरंगत थांबतो, हलत नाही, आणि एकदम तोंड खुपसतो. त्याच्या डोक्यावर खालच्या बाजूला मोठी मोठी छिद्रं असतात, त्यातून त्याला वाळूच्या आतल्या किड्याची हालचाल कळते, म्हणजे कान देऊन ऐकावं तसंच. तिसरे हॅप, उघड्या पाण्यातले, मोठे होणारे, त्यातले कित्येक दुसऱ्या माशांची पिल्लं खाणारे. लिव्हिंगस्टोनी म्हणून एक आहे त्यात, तो मेल्यासारखा वाळूवर आडवा पडतो, पिल्लं जवळ आली की गट्ट. आमच्याकडे पहिल्यांदा पडला तेव्हा मी त्याला काढायला जाळी घेऊन आलो होतो.

माझा सल्ला, म्बुना आणि पीकॉक एकत्र नका करू. भांडणाचं एक कारण झालंच, पण दुसरं आहे जेवणाचं. म्बुना शेवाळखाऊ, आतडं लांब, त्याला रोज ब्लडवर्म म्हणजे लाल अळ्या नाहीतर जास्त प्रोटीनचं खाणं दिलं की पोट फुगतं, ब्लोट म्हणतात, आणि एकदा ब्लोट झाला की मासा वाचणं कठीण. त्याला स्पिरुलिनाचे, म्हणजे शेवाळाचे, पेलेट द्या, उकडलेली पालक, वाटाणा द्या. पीकॉक-हॅपला प्रोटीन पाहिजे. म्हणजे एका पंगतीत एकाला उपासाची भगर आणि दुसऱ्याला सावजी रस्सा वाढायचा म्हटलं तर वाढणाऱ्याचे हाल, आणि टँकमध्ये तर कोण कोणाच्या पानातलं उचलून राहिला ते आपल्या हातातही नाही. एक अपवाद, येलो लॅब. पिवळा, पाठीच्या परावर काळी रेघ, आहे म्बुनाच पण स्वभावाने गरीब आणि किडे वेचून खाणारा, तो दोन्हीकडे चालून जातो.

म्बुनाचा टँक करायचा असला तर सहा फुटात मी असं करीन, येलो लॅब सहा, रस्टी सहा, एसी म्हणून निळसर-जांभळा पिवळ्या शेपटीचा मासा आहे तो सहा, तो पाण्याच्या वरच्या भागात फिरतो त्यामुळे वरचा मजला पण भरतो, आणि डेमसोनी. डेमसोनी म्हणजे बोटाएवढा निळा-काळा पट्ट्यांचा मासा, पण आपल्याच भावाचा वैरी. दोन घेतले तर एक उरतो, पाच घेतले तरी एकच उरतो. घ्यायचे तर बारा-पंधरा, नाहीतर घेऊच नका. बारा असले की मारणाऱ्याला कळतच नाही कोणाच्या मागे लागू, मार वाटला जातो आणि सगळे जगतात. बाकी माशांत गर्दी म्हणजे मरण, इथे गर्दीच औषध आहे, फक्त त्या गर्दीला झेपेल असा फिल्टर पाहिजे, तासाला टँकचं पाणी निदान सात-आठ वेळा फिरवणारा, आणि आठवड्याला 30-40 टक्के पाणी बदलायची तयारी पाहिजे. ती नसेल तर आधीच सांगा, आपण गप्पी पाळू.

नर-मादीचं, एका नराला तीन-चार माद्या. आणि एकसारखे दिसणारे दोन वेगळे मासे घेऊ नका, नराला जात कळत नाही, पट्टे कळतात, डेमसोनीसोबत सालोसी ठेवला की त्याला वाटतं हा आपल्यातलाच कोणी टपकला. शिवाय संकर होतात, येलो लॅब आणि रेड झेब्रा एकत्र असले की जी पिल्लं होतात ती दिसायला येलो लॅबसारखी, विकायला मोकळे, आणि घेणारा फसतो.

पीकॉक-हॅपचं मात्र मी सरळ सांगतो, सगळे नरच घ्या, पंधरा-सोळा, प्रत्येक वेगळ्या रंगाचा, एकही मादी नको. रंग नरालाच असतो, आणि मादी नाही तर भांडण निम्मं. एक मादी चुकून आली की सोळाचे सोळा नवरदेव.

टांगानिका तलावाचे फ्रंटोसा दुकानदार सोबत घ्यायला लावतो, कपाळावर टेंगूळ आणि चालणं सरपंचासारखं. हळू खाणारा मासा तो, म्बुनाच्या झुंडीत उपाशी राहतो. नका घेऊ. त्याच तलावाचा सायनोडोंटिस कॅटफिश मात्र मजा आहे, मल्टिपंक्टेटस. सिक्लिडची मादी अंडी घालून तोंडात उचलते तेवढ्यात हा मधे घुसतो, आपली अंडी टाकतो, आणि ती बिचारी घाईघाईत ती पण उचलते. मग तिच्याच तोंडात त्याची पिल्लं आधी फुटतात आणि तिची खातात. कोकिळा कावळ्याला फसवते ते आपण लहानपणापासून ऐकतो, पण ही तर कोकिळेच्याही वरची.

पाण्याचं आपल्याला सोपं आहे. लोक काय करतात, माशाला चांगलं म्हणून आरओचं पाणी घालतात. अहो, या माशांना जड पाणीच लागतं, मलावीचा पीएच 7.7 ते 8.8 च्या दरम्यान. ज्या बोअरच्या पाण्याने गीझर पांढरा होतो, तोट्या बुजतात आणि आपण शिव्या घालतो, ते पाणी यांना बहुतेक वेळा मानवतं, एकदा टेस्ट करून घ्या. नळाचं असेल तर त्यातलं क्लोरीन आधी काढून टाका आणि फिल्टरमध्ये कोरलचा चुरा ठेवा, त्याने पाणी जड राहतं. आणलेला दगड चुन्याचा आहे का पाहायचं असेल तर त्यावर लिंबू पिळा, बुडबुडे आले तर चुना आहे. एक धोका, पीएच जास्त असला की अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून नवीन टँक चार-सहा आठवडे सायकल झाल्याशिवाय, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जंतू फिल्टरमध्ये तयार झाल्याशिवाय, मासे टाकायचे नाहीत. मोठे दगड आधी तळाला थर्माकोलवर बसवा, वाळू नंतर, कारण हे पोट्टे उकरतात आणि दगड काचेवर येतो.

आणि आपला उन्हाळा. बाहेर 45 असलं की टँक 32 च्या वर जातो, यांना 24 ते 27 बरं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, मासे वर येऊन तोंड मारतात. झाकण काढा, वर जाळी टाका, टेबलफॅन पाण्यावर सोडा, दोन-तीन डिग्री उतरते. त्याच खोलीत कूलर लावला की हवा ओली होऊन पंख्याचा फायदा कमी होतो, तेव्हा एक कोणीतरी ठरवा, माणूस का मासा. लाईट गेली तर एअरपंप चालला पाहिजे, एका छोट्या बॅटरीवर रात्र निघते. धंद्याचं सांगितलं असं समजू नका.

काळीपिवळीचं विचाराल तर तो माझ्या मेहुण्याच्या दुकानात तीन फुटाच्या टँकमध्ये एकटा आहे, गिऱ्हाईक काचेला बोट लावतं तर बोटावर येतो. आणि माझ्याकडे सध्या एका येलो लॅबच्या मादीने तोंडात अंडी उचलली त्याला आज सोळावा दिवस, गाल फुगलेले, काही खात नाही, पेलेट समोरून गेला तरी तोंड घट्ट. अजून चार-पाच दिवस. घरून निघताना पोट्ट्याला बजावून आलो, काच वाजवू नको, ती घाबरली तर सगळं थुंकून टाकील आणि बाकीचे तयारच बसले आहेत.