दुधाचा खाडा आणि फुल्या

नमस्कार. माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. चार वर्षांचा होता तेव्हा तो दिवसातून कितीतरी वेळा भिंतीवर डोकं आपटायचा. उजव्या भुवईच्या वर, इथे, एक टेंगूळ उतरायच्या आत दुसरं यायचं. कुणी म्हणायचं हट्टी आहे, कुणी म्हणायचं दृष्ट काढा. एका थेरपिस्टनं सांगितलं, लक्ष देऊ नका, आपोआप थांबेल. मी ऐकलं. तीन दिवस पाठ फिरवून बसले. ते तीन दिवस मला आजही विसरता येत नाहीत, कारण त्याचं पोट दुखत होतं.

हे कळलं कसं? आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असायचं. ज्या चौकोनात मी दुधाचा खाडा लिहायचे, तिथेच फुल्या मारायला लागले. डोकं आपटलं की फुली, शी झाली की टिंब. महिना संपत आला तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून ते पान पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, टिंब नाही तिथंच फुल्या दाटल्यात की." चार-चार दिवस त्याला शी होत नव्हती आणि सांगायला शब्द नव्हते. बालरोगतज्ज्ञांनी बद्धकोष्ठाचं औषध कित्येक महिने चालू ठेवलं. फुल्या निम्म्यावर आल्या.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी शरीर तपासा. कान, दात, पोट, झोप. 'ऑटिझम आहे म्हणून करतो' हे उत्तर कुणी दिलं तर तिथे थांबू नका.

उरलेल्या निम्म्या फुल्यांचं काय? 1982 साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करणाऱ्या 9 जणांना वेगवेगळ्या परिस्थितीत थोडा थोडा वेळ ठेवून पाहिलं. कुणी काम टाळण्यासाठी करत होतं, कुणी माणूस जवळ यावं म्हणून, कुणी एकटं असतानाही. वागणं तेच, कारण निराळं. म्हणून फुलीशेजारी मी दोन शब्द लिहायला लागले. आधी काय झालं, नंतर त्याला काय मिळालं. 'मणी ओवणं. उठू दिलं.' 'कुकरची शिटी. कडेवर घेतलं.' 'मणी ओवणं. उठू दिलं.'

डोकं आपटलं की मणी बंद, हे मीच त्याला शिकवलं होतं! मग आम्ही उघड्या तळहाताचं चित्र काढून एक कार्ड केलं, 'थांब'. त्यानं कार्डाला बोट लावलं की काम तिथल्या तिथे बंद, मग मिनिटात तिसऱ्यांदा का असेना. पहिले काही दिवस मीच त्याचा हात धरून कार्डावर नेत होते, डोकं भिंतीकडे जायच्या आधी. नंतर हळूहळू 'अजून एक मणी, मग थांब' असं वाढवत नेलं. शिटीची तयारी वेगळी. कुकर लावायच्या आधी त्याला आतल्या खोलीत न्यायचं, कानांवर हेडफोन.

आणि प्रत्यक्ष आपटत असताना? डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी, नाहीतर आपला तळहात. ओरडायचं नाही, समजावायचं नाही. त्या वेळी शब्दांचाही त्याला त्रासच होतो. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी किंवा झटका आला तर थेट दवाखान्यात. डोळ्यांवर बुक्क्या मारणाऱ्या मुलांची नेत्रतपासणी चुकवू नका, पडदा सुटू शकतो.

औषधाचं बरेच जण विचारतात. रिस्पेरिडोनला अमेरिकेत 2006 मध्ये ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी मान्यता मिळाली, ती 5 ते 16 वयासाठी. वजन वाढतं, सुस्ती येते. लागतं तिथे लागतंच, त्यात आईबापांचा काही पराभव नाही. पण निर्णय डॉक्टरांबरोबर, आणि फुल्यांची वही समोर ठेवून.

मागच्या महिन्यात त्यानं 'दुखतंय'चं कार्ड आणून स्वतःच्या गालाला लावलं. मी बघतच राहिले. दाढ किडली होती.

आता तुमचे प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताई, तुम्ही मघापासून हात वर करताय, बोला.