सापळ्यातला ससा

श्रोतेहो, नमस्कार.

मावळतीच्या वेळी एक ससा सापळ्यात अडकतो. धडका देऊन थकतो, गप्प बसतो. मग त्या एवढ्याशा डोक्यात काहीतरी जुळतं: दार वर उचललं की सुटका. ससा निसटतो. पोल अँडरसन या अमेरिकन लेखकाची १९५४ सालची कादंबरी ‘ब्रेन वेव्ह’ इथून सुरू होते.

अँडरसन भौतिकशास्त्राचे पदवीधर. त्यांची कल्पना अशी, की पृथ्वी कोट्यवधी वर्षं अवकाशातल्या एका क्षेत्रातून चालली होती. त्या क्षेत्रात मज्जातंतूंमधले संदेश मंदावतात. तेवढ्या अडथळ्यातही निभाव लागावा म्हणून मेंदू घडत गेला. आता पृथ्वी त्यातून बाहेर पडते, आणि माणसंच काय, गोठ्यातली जनावरंही एकाएकी हुशार होतात.

वाटेल, चला, मिटले सगळे प्रश्न! पण रोज तेच ते काम करणाऱ्यांचा त्यात जीव रमेनासा होतो, ते काम टाकून निघतात. शहरांची घडी विस्कटते. बुद्धी वाढली, पण जुनी भीती होती तिथेच; त्यातून नवे पंथ उगवतात, दंगली पेटतात. पुढे अवकाशयानही येतं. ते मला तितकंसं भिडलं नाही. जीव गुंतला तो दोन माणसांत.

शीला ही न्यूयॉर्कमधल्या एका शास्त्रज्ञाची बायको, साध्या मनाची. डोक्यात विचार थांबतच नाहीत आणि ते तिला सोसत नाहीत. अखेर प्रयोगशाळेतल्या यंत्राने ती स्वतःच्याच मेंदूला विजेचा धक्का देते, पुन्हा पूर्वीसारखं होता यावं म्हणून. तिथे पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो.

आणि आर्ची ब्रॉक, शेतावरचा गडी. लोक त्याला मतिमंद समजत. आता जुन्या मापाने तो चांगला शहाणा झालाय, पण बाकीचे कितीतरी पुढे गेलेत. सगळे शेत सोडून जातात, आर्ची राहतो. गुरांना वैरण कोण घालणार? सोबतीला जो नावाचा कुत्रा, पुढे भटकत आलेले चिंपांझी आणि एक हत्ती. जनावरांना आता समजू लागलंय, मग त्यांना मारून खायचं कसं? हा पेच कुणा प्राध्यापकापुढे नाही, आर्चीपुढे पडतो, आणि तो त्यातून पळ काढत नाही.

कादंबरी संपता संपता शीला त्याच्याच वस्तीवर येऊन पोचते.

नमस्कार.