थकलेल्या तासाचा खर्च

(उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सहलीचं अंदाजपत्रक करायला बसलं की आपण चार रकाने आखतो: इंधन, मुक्काम, जेवण आणि तिकिटं. पाचवा रकाना कुणी आखत नाही आणि हिशेब नेमका तिथेच बिघडतो. संध्याकाळ झाली आहे. मागच्या सीटवर एक मूल रडतंय, दुसरं दर पाच मिनिटांनी 'अजून किती' विचारतंय, चालवणाऱ्याचे डोळे जड झालेत आणि ठरवलेलं ठिकाण अजून दीड तास लांब आहे. अशा वेळी जी खोली समोर दिसेल ती घेतली जाते, जे मागितलं जाईल ते हातात दिलं जातं. घासाघीस करायचं त्राण कुणात नसतं. हा थकलेला तास सगळ्या सहलीत सर्वांत महाग असतो. स्वस्तात फिरायचं म्हणजे मन मारायचं, असं अनेकांना वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हा एक तास टाळला, तर बाकी काटकसरीची फारशी गरज उरत नाही.

तो टाळायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे अंतर कमी करणं. घरापासून गाडीने दोन तास, ही माझी हद्द. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. वाहन चालवणाऱ्याने साधारण दर दोन तासांनी थांबून पंधरा मिनिटं पाय मोकळे करावेत, असं रस्तासुरक्षेची माणसं सांगतात. तान्ह्या बाळाला कारसीटमध्ये सलग दोन तासांहून जास्त वेळ ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे गाडीतलं सर्वांत मोठं माणूस आणि सर्वांत लहान माणूस, दोघांची मर्यादा जवळपास एकच आहे. मधल्या वयाची मुलं बोलून दाखवतात, एवढाच फरक.

नकाशावर घर मध्यभागी धरून कंपासने एक वर्तुळ काढा. रस्ता सरळ रेषेत जात नाही. सरळ अंतराच्या सव्वा ते दीडपट धरा, घाट असेल तर आणखी थोडं. म्हणजे रस्त्याने 120 किलोमीटर जायचं असेल, तर नकाशावर ते साधारण 80 ते 95 किलोमीटरच्या आत येईल. या वर्तुळात काय काय आहे याची यादी करायला बसलात की लक्षात येईल, निम्म्या जागा आपण कधी पाहिलेल्याच नाहीत. जवळचं नेहमी 'जाऊ कधीतरी' या खात्यात पडून राहतं.

आता थोडं गणित. जायला 120, यायला 120 आणि तिथे फिरायला 60, असे 300 किलोमीटर झाले. गाडी लिटरला 15 किलोमीटर देत असेल तर 20 लिटर इंधन. गाडीत एक जण बसला काय नि चौघं बसले काय, आकडा जवळपास तोच राहतो. तिकिटाचं तसं नसतं, ते माणशी मोजलं जातं. म्हणून कुटुंबाच्या सहलीत इंधनाला जपण्यापेक्षा माणशी खर्चाच्या गोष्टी मोजून घ्याव्यात. तरीही इंधन वाचवायचं असेल तर वेग पाहा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 80 ऐवजी 100 ने गेलात, तर तो दीडपटीच्या वर जातो. बदल्यात मिळतं काय? 120 किलोमीटरमध्ये 18 मिनिटं, आणि तीही पूर्ण रस्ता मोकळा मिळाला तर. टपावर सामान बांधलं की हाच विरोध आणखी वाढतो. दोन दिवसांच्या सहलीला टपावर बांधावं लागेल इतकं सामान कशाला लागतं, हा मला न सुटलेला प्रश्न आहे.

टायरमधली हवा आदल्या दिवशीच भरून घ्या, तीही टायर थंड असताना. चालून तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसतो आणि आपण कमी हवेवर समाधान मानतो. किती हवा हवी, ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं, आणि भरलेल्या गाडीसाठी पुष्कळदा वेगळा आकडा दिलेला असतो. तो वाचायची तसदी फार थोडे लोक घेतात.

मुक्काम हा बहुधा सर्वांत मोठा रकाना. दोन तासांच्या हद्दीत एक सोय आपोआप होते: मुक्काम ऐच्छिक ठरतो. पहाटे निघून रात्री घरी येता येतं. राहायचंच असेल तर एकाच ठिकाणी दोन रात्री राहा, दोन ठिकाणी एकेक रात्र नको. सामान उलगडणं, पुन्हा भरणं, नव्या जागेत मुलांना झोपवणं, यात अर्धा दिवस जातो आणि चिडचिड होते ती वेगळीच. शनिवार-रविवार टाळता आला तर खोली बहुतेक ठिकाणी स्वस्त मिळते. मुलांना सुट्टी आहेच, प्रश्न आपल्या रजेचा असतो. छोटंसं स्वयंपाकघर असलेली खोली थोडी महाग पडली तरी घ्या. मुलांना भूक वेळापत्रकाने लागत नाही, आणि बाहेर शोधाशोध करताना पुन्हा तोच थकलेला तास गाठतो.

मोटारीतून मुलांना घेऊन लांब जायची गोष्ट किती जुनी आहे माहीत आहे? जवळजवळ मोटारीइतकीच. 1888 च्या ऑगस्टमध्ये, शाळांना उन्हाळी सुट्टी असताना, जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याने बनवलेली तीन चाकी मोटार घेऊन पहाटे निघाली. नवऱ्याला न सांगता. सोबत दोन मुलगे, ऑयगेन आणि रिचर्ड. मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे मुलांच्या आजोळी. अंतर शंभर किलोमीटरच्या जरासं वर. वाटेत पेट्रोल पंप कुठला असणार! वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन नावाचं द्रावक विकत घेतलं, तेच इंधन. नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. चढ आला की पोरं उतरून गाडी ढकलायची. संध्याकाळी पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. ही मोटारीची पहिली लांब सफर म्हणून इतिहासात नोंदली गेली आहे. मला त्यातलं जास्त आवडतं ते हे की मुलं नुसती मागे बसलेली नव्हती, त्यांना काम होतं. चढावर गाडी ढकलणारं पोर 'अजून किती' विचारत नाही.

म्हणून नियोजनात मुलांना घ्या. पण कसं, तेही सांगतो. 'कुठे जायचं?' असं मोकळं विचारलंत तर उत्तर तुमच्या खिशाबाहेरचं येईल आणि नंतर नाही म्हणावं लागेल. आधी मोठ्यांनी परवडणाऱ्या तीन जागा निवडाव्यात आणि त्या तिन्हींतून एक मुलांना निवडू द्यावी. मग कागदी नकाशा पसरा, दोरा घ्या, रस्त्याच्या वळणांवरून तो मुलांना ठेवायला सांगा आणि खालच्या मापपट्टीवर मोजू द्या. आठ-नऊ वर्षांचं मूल हे मजेत करतं. पैशांचंही तसंच. सहलीतल्या किरकोळ खरेदीची एक रक्कम ठरवून निघण्याआधीच मुलांच्या हाती द्या. संपली की संपली. 'घेऊन दे ना' हा हट्ट निम्म्याने कमी होतो, कारण आता भांडण त्यांच्याच पाकिटाशी असतं.

या तयारीला नुसतं काम समजू नका. नेदरलँड्समधल्या 1530 प्रौढांचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारी माणसं, न जाणाऱ्यांपेक्षा, जाण्याआधीच जास्त आनंदी होती. परत आल्यावर मात्र बहुतेकांमध्ये तो फरक उरला नव्हता, अपवाद फक्त सुट्टी अगदी निवांत गेली असं सांगणाऱ्यांचा. सुट्टी किती दिवसांची होती, यानेही फरक पडलेला दिसला नाही. हा अभ्यास मोठ्यांचा आहे, मुलांवर तसाच्या तसा लावू नये. पण वाट पाहण्यातला आनंद फुकट असतो, आणि तो लांबवता येतो, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता उन्हाबद्दल. पहाटे निघा. रस्ता मोकळा, हवा गार आणि मुलं पहिला तासभर झोपेत. अट एकच: चालवणारा आदल्या रात्री वेळेवर झोपलेला हवा. रात्री बारापर्यंत सामान भरून चारला उठणं हा शहाणपणा नाही, पहाटेची वेळ डुलकीचीच असते. दुपारी दोन ते चार पुन्हा तशीच, तेव्हा गाडी सावलीत उभी असलेली बरी. आणि एक गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी सांगतो, लोकांना कंटाळा आला तरी. बंद गाडीत मुलाला एकटं ठेवायचं नाही, पाच मिनिटंही नाही. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा-अकरा अंश सेल्सिअसने चढू शकतं. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. झोपलेल्या मुलाला उठवायचं जिवावर येतं, मान्य आहे. तरी उठवायचं.

गाडी लागण्याबद्दल मात्र कुणी आधी बोलत नाही, नंतर सगळे बोलतात. कान मेंदूला सांगतो की आपण हलतोय, आणि पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये गुंतलेले डोळे सांगतात की काहीच हलत नाही. या विसंवादातून मळमळ होते. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा हे वय त्याचं. म्हणजे मुलं गप्प राहावीत म्हणून आपण जो मोबाइल हातात देतो, तोच वळणाच्या रस्त्यावर पुढच्या अर्ध्या तासाची तजवीज करून ठेवतो. उपाय म्हणजे नजर बाहेर, लांबवर. समोरची काच दिसेल अशी जागा, पोट अगदी रिकामंही नको आणि तुडुंबही नको, थोडी ताजी हवा. पाट्यांवरच्या नावांच्या भेंड्या लावा, पुढच्या दहा मिनिटांत कोणत्या रंगाच्या गाड्या जास्त दिसतील याची पैज लावा. डोळे आपोआप बाहेर राहतात. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारूनच, आणि शक्यतो आधी घरी देऊन पाहा, काही औषधांनी फार झोप येते. पिशव्या, ओला रुमाल आणि कपड्यांचा एक जोड मात्र डिकीत खोल नको, हाताशी हवा.

पोचल्यावर करायचं काय? इथे मी थोडक्यात आटोपतो, कारण मुलं हे आपल्यापेक्षा चांगलं ठरवतात. उथळ पाणी, दगड आणि मोकळा वेळ मिळाला की दोन तास जातात, फक्त मोठ्यांची नजर पाण्यावरून हटता कामा नये. एका दिवसात एकच तिकिटाची जागा ठेवा. दुसरी पाहायचा उत्साह मुलांपेक्षा आपल्याला, पैसे वसूल करण्यासाठी असतो. आणि मुक्काम असेल तर अंधार अवश्य दाखवा. शहरातल्या मुलांनी खरा अंधार पाहिलेला नसतो. डोळे त्याला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मोबाइल, टॉर्च सगळं बंद. पहिली दहा मिनिटं कुरकुर होते, मग एकेक तारा सापडू लागतो आणि आवाज आपोआप खाली येतो.

परतीचं एक सांगायचं राहिलं. शेवटच्या दिवशी 'जाता जाता अजून एक ठिकाण' हा मोह आवरा. थकलेला तास बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. दुपारच्या आधी निघा, घरी पोचून मुलांना अर्धा दिवस लोळू द्या.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे. विचारतात, धाकटं पाच वर्षांचं आहे नि मोठी चौदा वर्षांची, जिला आमच्याबरोबर यायचंच नसतं, तर काय करायचं? ताई, चौदाव्या वर्षी न यावंसं वाटणं हे तब्येत उत्तम असल्याचं लक्षण आहे. तिला पाच वर्षांच्या भावंडाच्या मापाची सहल नको असते, आणि तिला दिवसभर दाई करून ठेवलंत तर पुढच्या वेळी ती दाराआडूनच नाही म्हणेल. दोन गोष्टी करून पाहा. एक, रस्ता दाखवायचं आणि खर्च लिहायचं काम पूर्णपणे तिच्याकडे द्या. थांबा कुठे घ्यायचा ते ती ठरवेल, तुम्ही मध्ये बोलायचं नाही, चुकली तरी नाही. फार तर दहा-वीस किलोमीटर जास्त पडतील. दोन, गाडीत जागा असेल तर तिच्या एका मैत्रिणीला बरोबर घ्या. इंधन तेवढंच लागणार आहे. मैत्रिणीच्या आईवडिलांशी मात्र खर्चाचं आधीच मोकळेपणाने बोलून घ्या, वाटेत बोलायला अवघड जातं. आणि संध्याकाळी दोघींना तासभर एकटं बसू द्या. काय बोलल्या, ते विचारू नका.