‘आम्हाला जमेल का?’

नमस्कार मंडळी. ध्यान शिकवायला लागल्यापासून एक प्रश्न मला जागोजागी भेटतो. विचारणारे वेगवेगळे असतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा विचारतात, हिंजवडीहून रात्री थकून घरी येणारी मुलगी विचारते, मार्केट यार्डात हमाली करणारे काका विचारतात, देव न मानणारे प्राध्यापकही विचारतात. ‘आम्हाला जमेल का हो हे?’ त्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा कुणी मोठ्यानं म्हणत नाही. आपण त्यातले आहोत का? म्हणजे ध्यानाला बसणारी माणसं वेगळी, साधक वगैरे, आणि आपण प्रपंचातले.

आपल्या मराठीत हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वीच विचारून झाला आहे. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडा. हा ध्यानाचा अध्याय. आसन कसं घालावं, शरीरात काय काय घडतं, हे सगळं ज्ञानदेव इतकं भारावून सांगतात की ऐकणारा दबून जावा. आणि नेमक्या त्या जागी अर्जुन कृष्णाला थांबवतो. तो विचारतो, तुम्ही सांगितलेलं हे साधन ज्याला नुसतं आवडलं त्यानं केलं तर त्याला साधेल का? की अंगी योग्यता असल्याशिवाय ते नाहीच?

आता गंमत नव्हे, फार महत्त्वाची गोष्ट सांगते. हा प्रश्न मूळ गीतेत नाही. संस्कृत श्लोकांत या जागी कृष्ण सलग बोलत जातो, अर्जुन मध्ये काही विचारत नाही. प्रश्न ज्ञानदेवांनी घातला. १२९० साली नेवाशात बसून, ज्यांना संस्कृत येत नव्हतं अशा माणसांसमोर बोलताना, त्यांच्या मनात काय येत असेल हे त्यांनी ओळखलं. वाळीत टाकलेल्या घरातला तो मुलगा होता. अधिकार कुणाचा, या प्रश्नाची झळ त्याला चांगली ठाऊक होती. आणि कृष्णाच्या तोंडून त्यांनी जे उत्तर दिलं ते ऐका. योग्यता ही काही आधीपासून कुठे साठवून ठेवलेली चीज नाही. मन थोडं विरक्त झालं आणि देहाचे व्यवहार नेमस्त झाले, की तोच माणूस अधिकारी. मग गीतेचे पुढचे श्लोक येतात: फार खाणाऱ्याला हे साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही, अती झोपणाऱ्याला नाही आणि जागरणं करणाऱ्यालाही नाही. बस, एवढीच अट. त्यात जात नाही, लिंग नाही, शिक्षण नाही. इथून, पुण्याहून, वीस-बावीस किलोमीटरवर आळंदी आहे, आपण दरवर्षी पालखीला वाकतो, तरी ‘आम्हाला जमेल का’ विचारतो, याचं मला वाईट वाटतं.

लोक बिचकतात ते मुख्यतः एका समजुतीमुळे. ध्यान म्हणजे मनात एकही विचार येता कामा नये. मग बसतात, दोन मिनिटांत मन स्वारगेटच्या चौकात पोचतं, लाइटबिल आठवतं, कुणाचं तरी लागलेलं बोलणं आठवतं, आणि ते उठतात. म्हणतात, आमचं मन फार चंचल. अहो, अर्जुनही हेच म्हणाला होता! मनाला आवरणं म्हणजे वारा बांधण्याइतकं अवघड, असं तो त्याच अध्यायात म्हणतो, आणि कृष्ण त्याला ‘तुझं चुकतंय’ म्हणत नाही. ‘खरं आहे,’ म्हणतो, ‘पण अभ्यासानं जमतं.’ अभ्यास कसला, तेही सांगून ठेवलंय: मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून ते परत आणायचं. श्वास नाकपुडीशी आत येतो तो जरा गार लागतो, बाहेर जातो तो जरा उबदार. तिथे लक्ष ठेवा. ते सुटेल. सुटलं हे लक्षात आलं, की त्याच क्षणी तुमचं ध्यान चालू आहे. पुन्हा श्वासाशी या. रियाजाला बसलेला माणूस षड्ज लावतो, सूर हलतो, तो पुन्हा लावतो. सूर हलला म्हणून कुणी तंबोरा गवसणीत घालून ठेवत नाही. दहा मिनिटांत पन्नास वेळा परत आलात तर पन्नास वेळा अभ्यास झाला.

दुसरी भीती मांडीची. योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींनी आसनाला दोनच गुण सांगितले, स्थिर आणि सुख. पद्मासनाची सक्ती नाही. आणि पुण्यात तर हे कुणाला सांगायला लागू नये. मॉडेल कॉलनीत बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टा, घोंगडी, लाकडी ठोकळे घेऊन आजारी आणि म्हाताऱ्या शरीरांनाही आसनं करता येतील असं शास्त्र उभं केलं. साधन शरीराला जुळवून घ्यावं, हा त्यांचा धडा ध्यानालाही लागू आहे. खुर्चीवर बसा. बसवत नसेल तर आडवे व्हा. बौद्ध परंपरेत चालणं, उभं राहणं, बसणं आणि पहुडणं या चारही स्थितींत सजगता सांगितली आहे.

धर्माचं विचाराल, तर आपल्याच शहरात बघा. जैन घरांत सामायिकाला, म्हणजे समभावाच्या साधनेला, दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, बसतात. सूफी मुराकबा, म्हणजे त्यांच्या पद्धतीचं ध्यान, करतात. अँथनी डिमेलो या जेझुइट पाद्रींनी ख्रिस्ती प्रार्थनेला श्वासाच्या सजगतेची जोड दिली. फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारे गुरुदेव रानडे नामस्मरणाला बसत. आणि काहीच न मानणाऱ्याला श्वास आहेच. त्यावर कुणाचा शिक्का नाही. पतंजलींनी तर आलंबनांची, म्हणजे मन कशावर टेकवावं याची, यादी देता देता शेवटी म्हणून टाकलं, ‘यथाभिमतध्यानाद्वा’, किंवा तुम्हाला जे रुचेल त्याचं ध्यान करा.

पैशाबद्दल मी स्पष्ट बोलते. ध्यान शिकायला हजारो रुपये मोजावे लागतात असं कुणी सांगितलं तर सरळ उठून या. सत्यनारायण गोएंकांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून येऊन भारतात विपश्यनेची शिबिरं सुरू केली. दहा दिवस राहणं, जेवण, शिकवणं, कशाचंच शुल्क नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून पुढच्यांचा खर्च निघतो. आळंदीजवळ मरकळला केंद्र आहे, जाऊन या. मात्र दहा दिवस रजा कुणाला मिळते? रोजंदारीवरच्या माणसाला नाही. म्हणून मी रोजच्या दहा मिनिटांचा आग्रह धरते.

आणि ती दहा मिनिटंही घरात सगळ्यांना सारखी मिळत नाहीत, हे मला आज ठासून सांगायचं आहे. माझ्या वर्गातल्या बायका सांगतात, डोळे मिटले की कुकरची शिट्टी, दाराची बेल, ‘अगं, माझे मोजे कुठेत?’ नवरा बसला की घर दबक्या पावलांनी वावरतं. ती बसली की हाका सुरू होतात. ज्ञानदेवांनी अधिकार दिला, तो स्वयंपाकघरात अडकून पडला. समोर बसलेल्या पुरुषांना विनंती आहे: सकाळचा चहा तुम्ही ठेवा, मुलांचे डबे तुम्ही भरा, आणि तेवढा वेळ तिला हाक मारू नका. ताईंनो, तुम्हीही ‘सगळं आवरलं की बसेन’ म्हणू नका, कारण सगळं कधीच आवरत नाही.

फळाबद्दल अवास्तव आशा मात्र दाखवणार नाही. २०१४ साली अमेरिकेत ४७ चाचण्यांचा, सुमारे साडेतीन हजार लोकांचा एकत्र आढावा घेतला गेला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानानं थोडा ते मध्यम फरक पडतो असं दिसलं; औषधं किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ते सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. मला यात काही उणं वाटत नाही. पण ध्यान सुरू केलं म्हणून कुणी गोळ्या बंद करू नका. तीव्र मानसिक आजार असेल, मोठा आघात सोसलेला असेल, तर लांबच्या मौन शिबिराआधी डॉक्टरांशी बोला. डोळे मिटले की घाबरायला होत असेल तर डोळे उघडे ठेवा, जमिनीला टेकलेल्या तळव्यांकडे लक्ष द्या, तेही नको वाटलं तर उठून चाला. अशा कुणाला काही विचारायचं असेल आणि सगळ्यांसमोर बोलायचं नसेल, तर मी व्याख्यान झाल्यावर दाराजवळच्या टेबलापाशी थांबते, तिथे भेटा.