गोळी चालूच आहे, तरी टेस्ट पॉझिटिव्ह

(दृश्य: मनीषनगर, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. फ्रिजवर कॅलेंडर.)

हे कॅलेंडर बघा. दर महिन्याच्या एक तारखेला लाल पेनाने गोल, गोलात टिक, जूनपासून एकही महिना सुटलेला नाही. ही गोळी घरातल्या लॅब्राडोरची, शेरूची, हार्टवर्म म्हणजे डासांमुळे होणारा हृदयातला जंत होऊ नये म्हणून. फेब्रुवारीत शेरू खोकायला लागला, जिना चढला की मध्येच बसायचा, घरच्यांना वाटलं थंडीचं आहे, जाईल. डॉक्टरांनी पायातून रक्त घेतलं, थेंब किटवर टाकला, दहाएक मिनिटांत दुसरी रेघ उमटली. हार्टवर्म.

वहिनींचा पहिला प्रश्न, "आम्ही तर दर महिन्याला देऊनच राहिलो नं गोळी, मग ही गोळी काय खोटी आहे का?"

प्रश्न रास्त आहे, पैसे मोजून, आठवणीने गोळी द्यायची आणि वर हे ऐकायचं म्हणजे कोणाचंही डोकं फिरेल. पण डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या आधी उलट विचारलं, "जूनच्या आधी शेरू कुठे होता?"

शेरू होता गुवाहाटीला. भाऊंची नोकरी बदलीची, दीड वर्ष तिकडे काढलं, मग जूनमध्ये नागपूर. गोळी सुरू झाली ती इथे आल्यावर, कुणीतरी सांगितलं म्हणून, आणि सुरू करायच्या आधी टेस्ट काही झाली नाही. भारतात हार्टवर्मच्या नोंदी जास्त करून ईशान्येकडच्याच आहेत, आसाम, मिझोराम वगैरे, त्यामुळे गुवाहाटीचं नाव निघाल्याबरोबर डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

(दृश्य: मायक्रोस्कोपखालचा रक्ताचा थेंब.)

आता ही गोळी करते काय ते नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. आपल्याला वाटतं आज गोळी दिली म्हणजे पुढचा महिनाभर कुत्रा सेफ, डास चावला तरी काही होत नाही. तसं नाहीये हो. हार्टवर्मची गोळी मागे बघते. डास चावताना कातडीवर अळ्या सोडतो, त्या डासाने केलेल्या भोकातून आत शिरतात, तीन ते बारा दिवसांत कात टाकून पुढच्या अवस्थेत जातात, आणि गोळी मारते ती फक्त ह्या दोन अवस्थांना. म्हणजे एक ऑगस्टची गोळी जुलैत आत शिरलेल्या अळ्या साफ करते. पन्नास ते सत्तर दिवस झाले की अळी परत कात टाकते, कोवळा जंत होते, हिंडत हिंडत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत पोचते, आणि मग महिन्याच्या गोळीला ती दाद देत नाही. सहा-सात महिन्यांत पूर्ण वाढलेला जंत तयार, मादी 25 ते 30 सेंटीमीटर लांब, उकडलेल्या शेवयांच्या गुंत्यासारखे एकमेकांत अडकून पडतात, आणि कुत्र्याच्या शरीरात पाच ते सात वर्षं जगतात.

किट जे पकडतं ते वाढलेल्या मादीने रक्तात सोडलेलं प्रथिन. म्हणजे जुलैत डास चावला असेल तर किटला ते कळणार जानेवारी-फेब्रुवारीत. त्याच्या आधी टेस्ट निगेटिव्हच येणार, आणि नुसते नर जंत असले तर तेव्हाही निगेटिव्हच. म्हणून डॉक्टर लोक म्हणतात गोळी सुरू करायच्या आधी एक टेस्ट, सहा महिन्यांनी परत एक, मग वर्षातून एकदा. शेरूच्या बाबतीत पहिलीच टेस्ट राहिली. जंत गुवाहाटीचे, टिकमार्क नागपूरचे.

पण प्रत्येक केस अशी सरळ नसते, आणि गोळी फेल गेली म्हणून जे लोक येतात त्यांच्याकडे काय काय निघतं ते ऐकण्यासारखं आहे.

सगळ्यात जास्त काय निघत असेल तर ती गोळी हार्टवर्मची नसतेच. जंताची गोळी देतो म्हणतात, ती असते पोटातल्या जंतांची, पायरँटेल, प्राझिक्वांटेल, फेनबेंडाझोलवाली, तिचा हृदयातल्या जंताशी काही संबंध नाही. नाहीतर गोचिडाची गोळी असते, ती तीन महिने गोचीड मारेल पण डासाने सोडलेल्या अळीला हात लावणार नाही. स्ट्रिपवर आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, मॉक्सिडेक्टिन किंवा सेलामेक्टिन ह्यातलं एखादं नाव दिसलं पाहिजे, आणि ते हार्टवर्मसाठीच्या डोसमध्ये. स्ट्रिप फेकू नका, फोटो काढून ठेवा.

मग वजन. लॅबचं पिल्लू तीन महिन्यांचं असताना दहा-अकरा किलो, आठव्या महिन्यात पंचवीसच्या वर. पाकीट मात्र तेच, लहान कुत्र्याचं, कारण सहा महिन्यांचा स्टॉक एकदम आणून ठेवलेला असतो. आयव्हरमेक्टिनचा महिन्याचा डोस किलोमागे 6 मायक्रोग्रॅम, म्हणजे मुळातच इवलासा, त्यात अर्धा दिला तर काय राहिलं.

(दृश्य: सोफा पुढे सरकवतात. भिंतीला टेकून वाळलेली, दात लागलेली गोळी.)

हे आम्ही मांडून ठेवलेलं नाही, एका घरात सोफा सरकवल्यावर खरंच निघालं, आणि एकच नाही, एकाहून जास्त निघाल्या. कुत्री ह्यात उस्ताद असतात, पनीर खातात, गोळी गालात धरतात आणि तुम्ही पाठ फिरवली की सोफ्यामागे. गोळी दिल्यावर पाच-दहा मिनिटं समोर बसा, चघळायची असेल तर चघळू द्या, आणि नंतर उलटी झाली तर त्या गोळीची टिक करू नका, डॉक्टरांना फोन करा.

आणि एक डेंजर प्रकार. गुराढोरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन, ते मेडिकलमध्ये स्वस्त मिळतं, त्यातून घरीच थेंब काढून देतात. त्याची नेहमीची बाटली 1 टक्क्याची, म्हणजे एका मिलीत 10 मिलीग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याला हवे 60 मायक्रोग्रॅम, हिशेब करा, 0.006 मिली येतं. सिरिंजवर तेवढी रेघच नसते. कमी गेलं तर हार्टवर्म, जास्त गेलं तर विषबाधा, आणि कोली जातीच्या काही कुत्र्यांत जन्मतःच असा दोष असतो की औषध थेट मेंदूत जातं. पैसे वाचवायची ही जागा नाही, बस.

(दृश्य: सेमिनरी हिल्स, नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं गेट.)

आता जरा थांबा, कारण रक्तात वळवळणारं जंताचं प्रत्येक पिल्लू हार्टवर्मचं नसतं. आपल्याकडच्या कुत्र्यांत डायरोफिलारिया रेपेन्स नावाचा जंत सापडतो, तो कातडीखाली राहतो. अजून एक असतो अकँथोकिलोनेमा, तो तर डासाने नाही, पिसवांनी पसरतो, आणि कुत्र्याला फारसा त्रासही देत नाही. ताज्या थेंबात बघितलं तर हार्टवर्मचं पिल्लू जागच्या जागी वळवळतं, आणि अकँथोकिलोनेमाचं सरसर काचेच्या ह्या टोकाहून त्या टोकाला निघून जातं. अर्थात नुसत्या चालीवर निदान होत नाही. पक्कं करायचं तर 1 मिली रक्तात 9 मिली पातळ फॉर्मेलिन टाकून सेंट्रिफ्यूजला फिरवतात, खालचा गाळ निळा रंगवून लांबी-रुंदी मोजतात, आणि सोबत किटची टेस्ट. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवरच्या रक्तात, पिल्लं दिसतात पण किट निगेटिव्ह, असं असेल तर आधी जंत कोणता ते विचारा, गोळीला शिव्या नंतर द्या.

विदर्भातल्या लोकांना ही भानगड नवीन नाही खरं तर. हत्तीरोगासाठी रात्री घरी येऊन बोटातून रक्त घेणारे कर्मचारी आपल्या आई-वडिलांनी बघितलेत. तो माणसाचा जंत वेगळा, पण खानदान तेच, आणि नेणारा डासच. 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या मोहिमेत तीन औषधं एकत्र दिली, त्यातलं एक हेच, आयव्हरमेक्टिन. हे औषध शोधणाऱ्या सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल ह्यांना 2015 चं नोबेल मिळालं.

म्हणजे औषध कधी फेल जातच नाही का? जातं. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात असे हार्टवर्म सापडलेत की वेळेवर, बरोब्बर डोस देऊनही ते वाचतात, प्रयोगशाळेत 2014 मध्ये हे सिद्धही झालं. नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथलेसुद्धा डॉक्टर म्हणतात की बहुतेक केसमध्ये खरं कारण चुकलेला डोस असतो, आणि रेझिस्टन्सचं नाव घ्यायचं ते बाकी सगळं तपासून झाल्यावर. गोळी बंद करणं हा त्यावरचा उपाय तर बिलकुल नाही.

(दृश्य: मे महिना, खिडकीतला कूलर. टाकीत टॉर्च मारलाय.)

गोळीवर एकटीवर भार टाकू नका, हे मात्र आमचं ठाम मत आहे. नागपुरात पावसाळ्यात डास असतात हे सगळेच म्हणतात, उन्हाळ्यात 45 डिग्रीला डास कुठे राहतात विचारा. कूलरमध्ये. टॉर्च मारला की डोकं खाली करून पळतात बघा, त्या डासांच्या अळ्या. गार सावली, साठलेलं पाणी, आणि समोर गारव्याला पसरलेला कुत्रा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा, घासा, एक दिवस कोरडी राहू द्या. संध्याकाळी नाग नदीच्या काठाने किंवा अंबाझरीला फिरायला नेत असाल तर अंधार पडायच्या आधी उरका. डास पळवणारं पर्मेथ्रिनवालं औषध मानेवर लावता येतं, पण घरात मांजर असेल तर नको, मांजराला ते विष आहे. आणि हिवाळ्यात गोळीला सुट्टी नको, आपली थंडी दोन-चार रात्रींची, दुपारी डास परत हजर.

शेरूचं सध्या असं चाललंय. चार आठवडे डॉक्सीसायक्लिन, कारण हार्टवर्मच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू असतात, ते मेले की जंत कमजोर पडतो. सोबत मॉक्सिडेक्टिन. मोठे जंत मारायचं खरं इंजेक्शन म्हणजे मेलार्सोमिन, ते आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून हा लांबचा रस्ता. पळणं, बॉल, जिना सगळं बंद, कारण मेलेल्या जंताचा तुकडा फुप्फुसात अडकला तर जीव जातो, आणि नाडी जितकी जोरात तितका धोका जास्त. लिफ्टने खाली, पट्ट्याने दहा मिनिटं, लिफ्टने वर. शेरूला लिफ्ट आवडत नाही, रोज दारात बसकण मारतो, भाऊ तीस किलोचं ते धूड उचलून आत नेतात आणि बिल्डिंगमधली पोरं हसतात. पुढची टेस्ट ऑगस्टमध्ये.