आकाशातला टेम्पो

नमस्कार श्रोतेहो.

पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला सकाळी गेलात, तर टोमॅटोचे कॅरेट लादलेले टेम्पो रांगेत उभे दिसतील. त्यातलाच एखादा दुपारी कुणाचं घरसामान हलवतो, गणपतीत त्याच्यावर भोंगे चढतात, आणि लग्नसराईत वऱ्हाडही त्यातच बसतं. गाडी तीच. मागच्या हौद्यात काय भरायचं ते मालकाने ठरवायचं. आज मी ज्या विमानाबद्दल बोलणार आहे ते या जातीचं आहे. नाव डॉर्नियर २२८.

मी नाशिकजवळच्या ओझरचा. इथल्या विमान कारखान्याला बाहेरचे लोक एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणतात; आम्ही म्हणतो मिग. 'पोरगा कुठे लागला?' 'मिगमध्ये.' कारखाना १९६४ सालचा. मिग-२७ गेलं, मिग-२१ तर २०२५ मध्ये हवाई दलातूनच निवृत्त झालं, सुखोई येऊनही वीस वर्षं झाली. पण नाव मिगचं ते मिगच. तेव्हा आमचे कान लढाऊ जेटच्या आवाजावर पोसलेले. दोन पंख्यांचं विमान आलं की आम्ही मान वर करायचो नाही.

मी नवीन लागलो होतो तेव्हाची गोष्ट. कानपूरहून साहेब लोकांना घेऊन एक डॉर्नियर आलं. ते कानपूरच्याच कारखान्यात बनतं, १९८३ सालच्या जर्मन परवान्यावर. चौकोनी खोक्यासारखं अंग, वर पंख, पंखाचं टोक कोयत्यासारखं मागे तासलेलं. मी म्हटलं, हे काय डबडं! आमचे चार्जमन बाजूलाच होते. म्हणाले, "डबडं का आहे ते सांग." मी गप्प. मग त्यांनीच सांगितलं. ज्या विमानात आत हवेचा दाब धरून ठेवायचा असतो, त्याचं अंग नळकांडीसारखं गोल करावं लागतं, नाहीतर कोपऱ्यांवर ताण येतो. हे फार उंच जायचंच नाही, आत दाब भरायचा नाही, मग गोल कशाला करा? चौकोनी केलं की पेट्या भिंतीला लावून रचता येतात, खुर्च्या काढता येतात, कॅमेरा बसवता येतो. टेम्पोचा हौदा चौकोनी असतो तो उगाच नाही.

मग म्हणाले, "आता पाती बघ." इंजिन बंद, विमान उभं. समोरून पाहिलं तर प्रोपेलरची चारही पाती रुंद दिसत होती, चपटी. ते म्हणाले, बाकीची बरीच टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणारी, विमानं उभी असतात तेव्हा समोरून त्यांच्या पात्यांची नुसती धार दिसते. त्यांच्यात प्रोपेलर वेगळ्या टर्बाइनवर फिरतो. इंजिन बंद झालं, तेलाचा दाब गेला, की पाती आपोआप वळून वाऱ्याला धार देतात. डॉर्नियरच्या इंजिनात, म्हणजे टीपीई ३३१ मध्ये, सगळं एकाच शाफ्टवर. स्टार्टर मारला की इंजिनाबरोबर प्रोपेलरही फिरवावा लागतो. पाती वळलेली असतील तर हवा कापताना इतका जोर लागेल की स्टार्टरच बसेल. म्हणून इंजिन बंद करताना वैमानिक पाती चपटी करतो आणि खिट्टी पडते. या एका शाफ्टचा दुसरा गुण म्हणजे आवाज. जमिनीवर नुसतं उभं असलं तरी इंजिन बऱ्याच वेगात फिरत असतं, कानात सुई घातल्यासारखं. पण वैमानिकाने पॉवर मागितली की ती लगेच मिळते, वाट बघावी लागत नाही. छोट्या धावपट्टीवर त्याचीच किंमत असते.

पाती बघायची सवय मला इतकी लागली की २०१७ च्या डिसेंबरात उडान योजनेत नाशिकहून पुण्या-मुंबईला छोटं बीचक्राफ्ट सुरू झालं, तेव्हा ओझरच्या टर्मिनलमधून मी आधी पातीच बघितली. धार! बायको म्हणाली, अहो, तिकडे चेक-इनची रांग पुढे सरकतेय. ती सेवा काही फार टिकली नाही. दुसऱ्या खेपेला तर विमान आलंच नाही आणि आम्ही एसटीने पुणं गाठलं. पण तो विषय वेगळा.

तर डॉर्नियरचे मालक. पहिलं उड्डाण जर्मनीत, मार्च १९८१ मध्ये. आपल्याकडे वायुदूत नावाची सरकारी कंपनी होती, लहान गावांना जोडणारी. तिने ही विमानं प्रवाशांसाठी घेतली. जास्तीत जास्त १९ माणसं, म्हणजे आपली मिनीबस. वायुदूत बंद पडली, विमान राहिलं. पुढे एप्रिल २०२२ मध्ये अलायन्स एअरने कानपूरचं डॉर्नियर दिब्रुगढहून अरुणाचलातल्या पासीघाटला नेलं, १७ खुर्च्या लावून.

तटरक्षक दल हा मोठा मालक. आपल्याला सगळ्यात जवळचा त्यांचा तळ दमणला. त्यांच्या डॉर्नियरच्या पोटाखाली रडारचा फुगवटा असतो. तो दिसला की समजायचं, हे समुद्रावरचं गिऱ्हाईक. तेलाचा तवंग शोधणं, परक्या होड्या हेरणं, बुडणाऱ्याला तराफा टाकणं ही कामं. चक्रीवादळाची वर्दी आली की हीच विमानं खाली येऊन मच्छीमारांना रेडिओवर सांगत फिरतात, की परत फिरा. ज्या कोळ्याने समुद्रात हा आवाज ऐकलाय, त्याला डॉर्नियर ओळखायला पाती बघायची गरज नाही. आणि हे काम सुरक्षित आहे असंही नाही. जून २०१५ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ तटरक्षकांचं एक डॉर्नियर रात्रीच्या गस्तीवरून परतलं नाही. तिघं होते. महिन्याभराने अवशेष सापडले, ते खोल समुद्राच्या तळाशी.

नौदलाकडेही तीच विमानं. शिवांगी या नौदलाच्या पहिल्या महिला वैमानिक. त्या डिसेंबर २०१९ मध्ये कोचीला दाखल झाल्या त्या डॉर्नियरवरच. आणि ३ ऑगस्ट २०२२ ला पोरबंदरच्या तुकडीतल्या पाच महिला अधिकाऱ्यांनी उत्तर अरबी समुद्रावर पूर्ण टेहळणी स्वतःच केली, बरोबर पुरुष कुणी नाही. हवाई दलात याच विमानावर मालवाहू विमानांचे वैमानिक तयार होतात. त्यांच्यासाठी मार्च २०२३ मध्ये आणखी सहा डॉर्नियरचा ६६७ कोटींचा करार झाला. नव्या विमानांना चारऐवजी पाच पाती, तीही कंपोझिटची, म्हणजे धातूऐवजी धागे आणि राळ यांची.

विमानतळ प्राधिकरणानेही एक डॉर्नियर बाळगलं होतं, धावपट्टीला वाट दाखवणाऱ्या यंत्रणा बरोबर सांगतात की नाही ते तपासायला. तेच विमान त्याच धावपट्टीवर पुन्हा पुन्हा उतरण्याचा आव आणतं आणि न उतरता निघून जातं. खालच्या माणसाला वाटतं, वैमानिक शिकाऊ दिसतोय!

परदेशातला पसारा सांगत बसलो तर वेळ पुरायचा नाही. मॉरिशस, सेशेल्स, श्रीलंका, गयाना यांना आपण दिली; गयानाची दोन तर २०२४ मध्ये हवाई दलाच्या भल्यामोठ्या सी-१७ च्या पोटात बसून गेली. नेपाळात ती लुक्लाला उतरतात, जिथे धावपट्टी अर्धा किलोमीटरच्या आसपास आणि वर चढती. जपानमध्ये टोकियोजवळच्या चोफूहून बेटांवर जातात. जर्मनीच्या ध्रुवीय संशोधन संस्थेने तर त्यांना स्की लावून अंटार्क्टिकाला नेलं.

त्यातल्या एकाची गोष्ट मला विसरता येत नाही. नाव पोलर ३. १९८५ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाची मोहीम आटोपून दोन डॉर्नियर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने घरी निघाली. बर्फात काही झालं नाही, वादळात काही झालं नाही. २४ तारखेला पश्चिम सहाराच्या वर, जिथे मोरोक्को आणि त्या प्रदेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी पोलिसारियो संघटना यांचं युद्ध चालू होतं, पोलिसारियोने पोलर ३ खाली पाडलं. तिघंही गेले. दुसरं विमान, पोलर २, कॅनरी बेटांवर सुखरूप पोचलं. विज्ञानाची उपकरणं घेऊन चाललेलं विमान; पण खालून बघणाऱ्याला ते कुणाचं आणि कशाला निघालंय हे कसं कळावं? लष्कराचं, सरकारचं आणि संशोधकांचं विमान एकाच साच्यातून निघतं, त्याची ही दुसरी बाजू.

एक गंमत सांगायची राहिली. जर्मनीत नंतर या विमानाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिचं धड, पंख आणि शेपूट कानपूरहून मागवलं. शिकवणी जिथून आली, तिथेच शिष्याचा माल गेला.

आणि आपल्या ओझरचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये इथे तेजसच्या लाइनबरोबर एचटीटी-४० या शिकाऊ विमानाचीही लाइन सुरू झाली. त्याला पंखा एकच, पण इंजिन टीपीई ३३१, डॉर्नियरच्याच घराण्यातलं. परवा जानोरीचे एक द्राक्षवाले भेटले. म्हणाले, "काका, हे नवीन विमान उडायच्या आधीच इतकं का किंचाळतं?" मी त्यांना एका शाफ्टची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे आमच्या ब्लोअरसारखं. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओचा दांडा सुटत नाही, ट्रॅक्टर चालू की पंखा चालू."

अगदी तसंच.

नमस्कार.